रिकाम्या शहरातला पाठमोरा माणूस

वेटरने खुर्ची मिटली. तिच्यावर कोणी बसलेलं नव्हतं; बसणार होतं.

काचेची दारं. माणूस समोर आला की आपोआप उघडतात.

निळ्या खडूने काढलेली नदी. तिच्या मध्यावर एक आडवी रेघ, म्हणजे पूल.

शाळेतलं चित्र: घर, गाडी, सूर्य, तीन माणसं.

काटोलकडच्या एका गावातली विहीर. आठेक वर्षांचा मुलगा विहिरीकडे पाठ करून उभा. पायाशी रिकामं मडकं. हलायचं नाही, वळायचं नाही.

कोळशाचा धूर, आणि धुरात मिसळलेला बिअरचा वास.

आता उपासनापासून सांगू.

उपासना मेश्राम मूळची नागपूरची. शिकायला म्हणून अमेरिकेत आली, केमिस्ट्रीत एम.एस. केलं आणि त्या डिग्रीचा उपयोग फिल्म धुण्यापुरता केला, असं तिचा नवरा राकेश चारचौघांत सांगायचा. लोक हसायचे, तीही हसायची. मिशिगनमध्ये ट्रॉयला त्यांचं घर. राकेश गाड्यांच्या कंपनीत, मुलगी अदिती दुसरीत. लग्नं, बारशी, कारखान्यांची ब्रोशर असे फोटो काढत काढत पंच्याण्णव साली तिला पहिलं मोठं काम मिळालं. एका कॅलेंडर कंपनीसाठी बारा महिन्यांचे बारा फोटो. शहर प्राग. अट एकच: फोटोत माणूस दिसता कामा नये.

त्या साली प्रागमध्ये माणूस न दिसणं म्हणजे आषाढात चिखल न दिसणं. राज्य पालटून पाच-सहा वर्षं झालेली, आणि निम्मं जग तिथला पूल बघायला लोटलेलं. पण उपासनाकडे एक जुनी तोड होती. लेन्सवर जवळजवळ काळी काच चढवायची, कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा आणि शटर आठ-दहा मिनिटं उघडं ठेवायचं. जो चालतो तो फिल्मवर उमटतच नाही. समोरून शेकडो माणसं जातात आणि फोटो येतो रिकाम्या पुलाचा. उरतं ते फक्त न हलणारं. दगड, दिवे, पुतळे.

तिचे वडील शंकरराव तेव्हा सहा महिन्यांसाठी ट्रॉयला आलेले होते. जन्मभर हायस्कूलात भूगोल शिकवलेला माणूस. प्रागचं नाव ऐकलं आणि सोफ्यावर ताठ बसले.

"व्लटावा," ते म्हणाले. "नदी. वर्षानुवर्षं काढली मी फळ्यावर, निळ्या खडूने. मलाही ने की."

"बाबा, व्हिसा लागतो. आणि मी फिरायला नाही चाललेय. दिवसभर एका जागी उभी असते मी."

"मग मीही उभा राहतो. मले सवय आहे. तुझ्या आड येणार नाही, पोरी."

ती हसली. एकटी गेली.

कॅलेंडरचं मे महिन्याचं पान. चौकातला कॅफे.

फोटोत: गोल टेबलं, पांढरी कापडं, मागे सोनेरी घड्याळाचा बुरूज, ओले झालेले फरशीचे दगड.

फोटोत नाही: उपासना दमून एका खुर्चीकडे गेली तेव्हा वेटरने ती खुर्ची मिटून भिंतीला लावली. तिने दुसरीकडे पाहिलं. त्याने तीही मिटली. शेजारच्या टेबलावरची बाई नवऱ्याच्या कानात एक शब्द बोलली. त्याचा अर्थ रात्री, ती जिथे उतरली होती तिथल्या घरमालकिणीने सांगितला: जिप्सी. मग त्याच मालकिणीने तिच्या पुढ्यात बटाट्याचं गरम सूप ठेवलं, तिचे केस कुरवाळले आणि म्हणाली, ते लोकही म्हणे तुझ्याच देशातून आले, फार पूर्वी.

ही अशी तऱ्हा. उपासनाला ते शहर आवडलं की नाही, हे तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. सकाळी नदीवरून धुकं उठायचं आणि घुमट एकेक करून वर यायचे, तेव्हा तिचा श्वास थांबायचा. दुपारी काचसामानाच्या दुकानात विक्रेती तिच्या मागे मागे फिरायची, हाताकडे बघत. ट्रामचा म्हातारा ड्रायव्हर ट्रायपॉड चढवायला खाली उतरला. पुलावर एका पोराने तिच्यासमोर हात पसरला, तिचा चेहरा नीट पाहिला, आणि हात मागे घेतला.

जानेवारी. पूल.

फोटोत: दोन्ही कठड्यांवर काजळीने काळे पडलेले संतांचे पुतळे. मधला रस्ता पार रिकामा. डावीकडे, दोन पुतळ्यांच्या मधे, एक माणूस.

ट्रॉयला परतल्यावर फिल्म धुऊन आली. तळघरात लाइट-टेबल होतं, म्हणजे खालून उजेड येणारी पांढरी काच. उपासनाने त्यावर बारा निवडक स्लाइड्स मांडल्या आणि भिंगाला डोळा लावला. पुलावरचा माणूस पाहून ती आधी चिडली. मेला कोणीतरी प्रवासी मुद्दाम थांबला! पण शटर उघडं असताना ती तिथेच होती. त्या कठड्यापाशी थांबलेलं कोणी तिला आठवत नव्हतं. लोक तिथून सरळ चालत जात होते.

तिने दुसरी स्लाइड पाहिली. चौक. रिकाम्या टेबलांच्या कडेला तोच माणूस, पाठमोरा. तिसरी, चौथी. किल्ल्याच्या पायऱ्या, नदीचा धक्का, ट्रामचा थांबा. बाराच्या बारा.

एकावर एक फोटो पडला असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण त्याची सावली पुतळ्यांच्या सावल्यांच्याच दिशेने पडली होती. शिवाय तो काठाकाठाने स्पष्ट होता. श्वासानेसुद्धा हलला नव्हता. मरून स्वेटर, बाह्या दोनदा दुमडलेल्या. डोक्यावर माकडटोपी. हात समोर, छातीशी काहीतरी धरल्यासारखे.

तो स्वेटर राकेशचा जुना. बाबांना बाह्या लांब होतात म्हणून तिनेच दुमडून दोन टाके घातले होते.

आणखी एक होतं. फोटो ज्या क्रमाने काढले तशा स्लाइड्स लावल्या तर तो माणूस हळूहळू वळत होता. पुलावर पूर्ण पाठ. कॅफेपाशी कानाची कड. धक्क्यावर गालाचं हाड. शेवटच्या दिवशी घेतलेला ट्रामचा थांबा तिने भिंगाखाली घेतलाच नाही. तो उलटा करून ठेवला आणि जिना चढून वर आली.

शंकरराव खिडकीशी बसले होते. समोरच्या भिंतीवर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि खाली अदितीचं दप्तर. ती त्यांना खाली घेऊन गेली. भिंग हातात दिलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

"पूल असाच वाटला होता मले," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण पाठमोरा आलो."

"बाबा, मी नसताना तुम्ही काय करत होतात इथे?"

"काय करणार? ड्राइव्हवेत उभा राहायचो दुपारचा. राकेशला विचार."

मागोमाग जिना उतरून आलेल्या राकेशने मान डोलावली. "हो, यार. मी ऑफिसमधून येईपर्यंत कधी कधी तिथेच. हाक मारली तरी हलायचे नाहीत. मला वाटलं, मेडिटेशन करतात."

शंकररावांना उभं राहायचं कुणी शिकवलं, हे उपासनाला लहानपणापासून माहीत होतं. गावच्या विहिरीला हात लावायचा नाही. मडकं घेऊन लांब उभं राहायचं, पाठ करून. कोणी येईल, त्याच्या मनात आलं तर वरून ओतेल. तोवर हलायचं नाही, वळायचं नाही. ही गोष्ट ते सांगायचे तेव्हा नेहमी तिथेच थांबायचे, उभ्या मुलापाशी. पुढचं तिने कधी विचारलं नव्हतं. पुढे पाणी मिळालं असणारच, म्हणून तर बाबा समोर बसलेत, असं तिने गृहीत धरलं होतं.

कॅलेंडर कंपनीच्या बाईंचा फोन आला. फोटो अप्रतिम असणार याची त्यांना खात्री होती. माणूस एकही नको, हे त्यांनी परत एकदा सांगितलं.

"एक माणूस आहे," उपासना म्हणाली.

"मग काढून टाका. आता कॉम्प्युटरवर सगळं होतं म्हणतात."

होत होतं. साउथफिल्डला छपाईआधी फोटो दुरुस्त करणाऱ्या एका स्टुडिओत सिद्धेश नावाचा पुण्याचा मुलगा अर्धवेळ काम करायचा, बाकीचा वेळ पीएचडी. महाराष्ट्र मंडळाच्या नाटकाचे फोटो त्यानेच दुरुस्त केले होते. गुरुवारी दुपारी ती सगळ्या स्लाइड्स घेऊन गेली.

"आधी एकच करून बघ," ती म्हणाली. "मे."

सिद्धेशने कॅफेची स्लाइड स्कॅन केली. पडद्यावर चौक आला, आणि कडेला पाठमोरा माणूस. शेजारच्या फरशीचे दगड उचलून उचलून त्याने त्याच्यावर लावायला सुरुवात केली. आधी बूट गेले. मग सावली. मग स्वेटर. शेवटी माकडटोपी हवेत लटकल्यासारखी राहिली.

"चला, काका गेले," सिद्धेश म्हणाला.

"कोण काका?"

"अगं, कोणीतरी काकाच दिसतात ना! माकडटोपीवाले." तो हसला. "मस्त झालं. दगड ओळखू येतायत? नाही ना? बाकीचे उद्या सकाळी करून टाकतो. क्लास नाहीये मला."

काम खरोखर छान झालं होतं. उपासनाला बरं वाटलं. फोटोतला माणूस काढणं म्हणजे खरा माणूस काढणं नव्हे, हे काय केमिस्ट्री शिकलेल्या बाईला सांगायला हवं? तिने स्लाइड्सचा डबा तिथेच ठेवला.

घरी जाताना तिने शंकररावांना घेतलं आणि दोघं भाजीला गेली. देशी किराण्याचं नवं दुकान, काचेची दारं. शंकरराव पुढे चालत होते. दारासमोर जाऊन थांबले. दारं उघडली नाहीत. ते एक पाऊल मागे आले, परत पुढे गेले. दारं मिटलेली. मागून उपासना आली आणि दारं झर्रकन बाजूला झाली.

"म्हाताऱ्याचं वजन कमी पडतं," शंकरराव म्हणाले. हसले नाहीत.

जेवायला राकेशने टेबल लावलं. तीन ताटं.

"बाबांचं?" उपासना म्हणाली.

"अरे, सॉरी, सॉरी." त्याने चौथं ताट घेतलं. ते कुठे ठेवायचं हे कळेना, तसा क्षणभर हातात धरून उभा राहिला. वरण वाढताना तिथलं राहूनच गेलं. शंकरराव हात मांडीवर ठेवून बसले होते, कोणी वाढण्याची वाट बघत.

अदितीने शाळेतलं चित्र दाखवलं. "इट्स माय फॅमिली."

"छान. आणि आजोबा कुठेत?"

अदिती चित्राकडे बघून विचारात पडली. आजोबा तिच्या शेजारच्या खुर्चीत होते. "ही इज इन इंडिया, नो?"

"अदू!"

"व्हॉट?"

ऑगस्ट. किल्ल्याच्या पायऱ्या.

फोटोत: वर चढत गेलेली दगडी वाट, द्राक्षवेली, लाल कौलं.

फोटोत नाही: पायऱ्यांवर एक बाई कॅमेऱ्याच्या आड आली, थांबली, आणि उपासनाच्या खांद्याच्या थोडं मागे बघून मान लववून हसली. कोणा ओळखीच्या, वडीलधाऱ्या माणसाकडे बघून हसावं तशी. उपासनाने वळून पाहिलं होतं. मागे भिंत होती.

शुक्रवारी सकाळी राकेशने गाडी मागे घेतली. अदिती मागच्या सीटवर, रेडिओ चालू. उपासना स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती, आणि तिला ड्राइव्हवेत उभे असलेले शंकरराव दिसले. घराकडे पाठ, हात छातीशी. गाडी सरळ त्यांच्यावर चालली होती. ती ओरडली. काचेमुळे बाहेर ऐकू गेलं नसणार. ती अनवाणी धावली आणि बॉनेटवर दोन्ही हात आपटले. गाडी थांबली. मागच्या बंपरात आणि शंकररावांच्या गुडघ्यात वीतभर अंतर राहिलं.

राकेश पांढराफटक पडून खाली उतरला. "मी आरसा बघितला. आईशपथ, उपा, दोनदा बघितला. कोणी नव्हतं."

"आहेत! हे काय, इथे आहेत!"

राकेश बघत राहिला. डोळे बारीक करून, अंधारात काही शोधावं तसा. "हो," तो म्हणाला. "हो ना. आता दिसले."

सिद्धेश सकाळी बाकीचे फोटो करणार होता. तिने फोन लावला. स्टुडिओत कोणी उचलेना. तिने चपला घातल्या, शंकररावांना गाडीत बसवलं, पट्टा स्वतःच्या हाताने लावला. वाटेत दर सिग्नलला ती त्यांच्याकडे बघायची. एकदा बघितलं तेव्हा पट्ट्यामागे सीटची शिलाई दिसली. स्वेटरच्या आरपार, फिकट. तिने हात लावला तर हाताला लोकर लागली, लोकरीआड खांदा.

"बाबा, बोलत राहा माझ्याशी."

"काय बोलू?"

"काहीही. नद्या सांगा."

"डॅन्यूब," शंकरराव म्हणाले. "ऱ्हाइन. एल्ब. व्लटावा जाऊन एल्बला मिळते." आवाज जवळच्याच माणसाचा होता, पण पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा.

स्टुडिओत सिद्धेश खुर्ची मागे रेलून कॉफी पीत होता. "अगं, एकटीच आलीस? फोन करायचास ना!"

शंकरराव तिच्या शेजारी उभे होते. कोपराला कोपर लागत होतं.

"किती झाले?" तिने विचारलं.

"अकरा. हे बघ." तो एकेक फोटो पडद्यावर आणत गेला. पूल, पायऱ्या, धक्का. रिकामे, सुंदर, कुठे टाका दिसेल तर शपथ. तिने डब्यातून मूळ स्लाइड्स काढून उजेडाच्या काचेवर टाकल्या. मूळ स्लाइड, तिच्या हाताची, जिच्यात सिद्धेशच्या कॉम्प्युटरने काहीच बदललं नव्हतं. पुलावर कोणी नव्हतं. दोन पुतळ्यांच्या मधे कठडा होता आणि कठड्यापलीकडे नदी.

अकरा स्लाइड्स पाहिल्या. सगळ्या तशाच.

"बारावा?"

सिद्धेशने कप खाली ठेवला. "तो राहिलाय. ट्रामचा स्टॉप. खरं सांगू का, यार, मी दोनदा सुरू केला. त्यात ते काका कॅमेऱ्याकडे बघतात. सरळ. हात नाही झाला. पण आता करतो, पाच मिनिटं फक्त."

"नको."

"अगं, डेडलाइन आहे ना तुझी?"

"सिद्धेश, माऊसला हात लावू नकोस."

तिने तिथूनच कॅलेंडर कंपनीला फोन केला. बारावा फोटो मिळणार नाही, म्हणाली. बाईंनी कारण विचारलं. त्यात माणूस आहे. मग काढा. नाही काढणार. अकरा महिन्यांचं कॅलेंडर नसतं, बाई थंडपणे म्हणाल्या. बारा द्या, नाहीतर एकही नको.

"नको तर नको," उपासना म्हणाली आणि फोन ठेवला. पहिलं मोठं काम होतं.

तिने स्कॅनरमधून ट्रामच्या थांब्याची स्लाइड काढली आणि पहिल्यांदाच भिंगाखाली घेतली.

डिसेंबर. ट्रामचा थांबा.

फोटोत: ओले रूळ, पिवळा दिवा, मरून स्वेटरमधला म्हातारा. चेहरा समोर. डोळे उघडे, न मिटलेले. आठ-दहा मिनिटं पापणीसुद्धा लवलेली नाही. दोन्ही हातांची ओंजळ पुढे केलेली.

फोटोत नाही: दुसरं कोणीही.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"अरे!" सिद्धेश उभा राहिला होता. "काका, तुम्ही कधी आलात? बसा ना. सॉरी हां, मी बघितलंच नाही तुम्हाला. कॉफी घेणार?"

"पाणी दे," शंकरराव म्हणाले.

सिद्धेशने कागदी पेला भरून आणला. शंकररावांनी सवयीने ओंजळ पुढे केली, मग स्वतःच थबकले आणि पेला हातात घेतला. एका दमात प्यायले. दुसरा मागितला, तोही. तिसरा. सिद्धेश उपासनाकडे बघत होता. ती स्लाइड मुठीत धरून उभी होती. पुठ्ठ्याची चौकट तळव्यात रुतत होती.

घरी जाताना ती मुद्दाम किराण्याच्या दुकानावरून गेली. "तुम्ही पुढे व्हा," म्हणाली, आणि स्वतः गाडीपाशी थांबली. शंकरराव दारापर्यंत गेले. उभे राहिले. काचेत त्यांचं प्रतिबिंब दिसत होतं, जरा फिकं. दारं हलली नाहीत. मग दारं उघडली, आधी एक, मग दुसरं. एखाद्याने विचार करून उघडावीत तशी.

शंकररावांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. वळले, हे महत्त्वाचं.

ती एकच स्लाइड तिने पुढे जन्मभर उजेडापासून जपली. अदितीला, राकेशला, कोणालाही ती यंत्रात घालू दिली नाही. शंकररावांना परतीच्या विमानात बसवायला आतपर्यंत गेली तेव्हा तिने हवाई सुंदरीला दोनदा सांगितलं, चौदा नंबरच्या सीटवर माझे वडील आहेत, लक्ष ठेवा, त्यांना पाणी विचारत राहा. सुंदरीने सीटकडे बघितलं, किंचित उशिराने हसली आणि म्हणाली, ऑफ कोर्स.

निघायच्या आदल्या दुपारी ड्राइव्हवेत तिने त्यांना शेवटी विचारलंच होतं. "बाबा, त्या विहिरीपाशी पुढे काय झालं?"

शंकरराव रस्त्याकडे बघत होते. "आठवत नाही पोरी," ते म्हणाले. "तू काळी काच लावून इतका वेळ बघत होतीस, म्हणून वळलो."

१९३१ साली त्या विहिरीवर त्या दिवशी कोणीही आलं नाही. मडकं रिकामंच राहिलं, आणि मुलगा पाठ करून उभाच राहिला.